१४ वर्षं जुन्या ऑटोमॅटिक सिटीचं गिअरबॉक्स ऑइल बदललं, नाशिकमधल्या अंबडच्या एका छोट्या गॅरेजचा अनुभव

आधी गाडी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. होंडा सिटी, २०११ची, पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, स्टिअरिंगमागे हाताने गिअर बदलायचे पॅडल असलेली. मीटरवर १ लाख १८ हजार. बाबांनी घेतली तेव्हा त्यांचा डावा गुडघा इतका दुखायचा की सीबीएस ते मुंबई नाका एवढ्या सिग्नलांमध्ये क्लच दाबून दाबून घरी आल्यावर त्यांना जिना चढता यायचा नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. आता ते ७४चे आहेत, चालवत नाहीत, मी चालवते आणि ते शेजारी बसतात. सातपूरला टूलरूममध्ये ३१ वर्षं काढलीत त्यांनी, त्यामुळे मशीनमध्ये काही बिघडलं तर ते माझ्याआधी त्यांना कळतं.

तर झालं असं की दिवाळीनंतर गंगापूर रोडने येताना बाबा म्हणाले, गाडी अडखळतेय. मला काहीच जाणवलं नव्हतं. मग लक्ष देऊन चालवली तर खरंच, ४५-५० च्या स्पीडला पाय अगदी हलका ठेवला की दोनतीन सेकंद गाडी थरथरायची, रस्त्यावर त्या पांढऱ्या जाड पट्ट्या मारलेल्या असतात ना त्यांच्यावरून गेल्यासारखी, आणि पाय जरा दाबला की बंद. शिवाय सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स टाकला की लगेच उचलायची नाही, एक क्षण थांबायची आणि मग धक्का देऊन गिअर पडायचा.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली (नाव घेत नाही). त्यांनी चालवून पाहिली आणि सांगितलं की टॉर्क कन्व्हर्टर गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ७० ते ८० हजार धरून चाला. मी विचारलं, ऑइल बदलून बघितलं तर? तर म्हणे, ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं, त्याला हात लावायचा नसतो, आणि जुन्या गाडीत नवीन ऑइल टाकलं तर आहे तो गिअरबॉक्सपण जाईल. म्हणजे बदलायचं नाही, आणि बदललं नाही म्हणून खराब झालं तर ८० हजार. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, जे तेल तापतं ते म्हातारं होतं, लाइफटाइम म्हणजे कोणाची लाइफ ते विचारायला पाहिजे होतंस.

दुसरीकडे एकाने मशीन लावून फ्लश करून देतो म्हणून सांगितलं, अर्ध्या तासात पूर्ण ऑइल नवीन. ऑइल कोणतं वापरता विचारलं तर ड्रममधलं, "सगळ्या गाड्यांना चालतं". तिथून मी सरळ निघाले.

मग ऑफिसमधल्या एकाने अंबडचं हे गॅरेज सांगितलं. एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत पत्र्याची शेड, दोन गाड्या आत मावतात, तिसरी बाहेर उभी. बोर्डपण धड वाचता येत नाही. मालक स्वतःच मिस्त्री, पन्नाशीचे असतील, सोबत दोन पोरं. खरं सांगू का, पहिल्यांदा बघून मी गाडी परत वळवणार होते, पण बाबा उतरून आत गेलेसुद्धा आणि भिंतीवर पाने कसे लावलेत ते बघत उभे राहिले. नंतर मला म्हणाले, हत्यारं जागेवर आहेत, हा माणूस काम करतो.

मालकांनी, म्हणजे दादांनी, आधी गाडी चालवायला घेतली ती जवळजवळ २० मिनिटं, मला शेजारी बसवून, पाथर्डी फाट्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर नेली आणि मला म्हणाले, ताई आता थरथर येईल बघा, आणि आली. मग त्यांनी ब्रेकच्या पेडलला डाव्या पायाने अगदी जेमतेम स्पर्श केला, गाडी हळू न करता, आणि थरथर गायब. म्हणाले, लॉकअप सुटला म्हणून गेली, म्हणजे इंजिनचा मिसफायर नाही, माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबर) नाही, हा लॉकअप क्लचचाच प्रकार आहे.

हे मला त्यांनी जसं समजावलं तसं लिहिते, कारण वर्कशॉपमध्ये कोणीच समजावलं नव्हतं. अशा ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आपल्या पायाचा क्लच नसतो, मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्यात ताकद ऑइलमधून पुढे जाते. गाडी एका स्पीडला स्थिर झाली की आतला एक छोटा क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो, म्हणजे ऑइलमध्ये ताकद वाया जात नाही, तोच लॉकअप. आता हा क्लच तेलात बुडालेला असतो आणि तो झटका न देता चिकटावा म्हणून ऑइलमध्ये खास केमिकल घातलेली असतात. ऑइल वर्षानुवर्षं तापत राहिलं की ती केमिकल संपतात, मग क्लच पकडतो-सुटतो-पकडतो-सुटतो, तीच ती थरथर. आणि हेच ऑइल आत प्रेशर बनवून गिअर टाकतं, हेच वंगण, हेच गिअरबॉक्स थंड ठेवतं. चार कामं एकच तेल करतं आणि आपण इंजिन ऑइल दरवर्षी बदलतो आणि याच्याकडे १४ वर्षं बघत नाही. मीच बघितलं नव्हतं, जुन्या फायली काढल्या तर एवढ्या सर्व्हिसच्या बिलांमध्ये एटीएफ (म्हणजे हेच ऑटोमॅटिकचं ऑइल) बदलल्याची नोंद फक्त एकदा, ४० हजारला.

मग गाडी गरम असतानाच सपाट जागेवर बंद करून त्यांनी लगेच डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढली. हे पण नवीन कळलं, या होंडाच्या गिअरबॉक्सला ऑइलची लेव्हल इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, रेडिएटरचा फॅन फिरून गेल्यावर, गाडी बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांत बघायची असते. थंड गाडीत बघितली तर आकडा चुकीचा येतो. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब ठेवला. नवीन ऑइल लालभडक असतं, आमचं चहाच्या गाळासारखं तपकिरी. त्यांनी वास घेतला, बाबांना दिला, बाबांनी मला दिला. जळका वास नव्हता. म्हणाले, जळका असता तर मी हात लावला नसता, तुम्हाला सरळ ओव्हरहॉलला पाठवलं असतं.

आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं लिहिते, कारण यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसले: "ताई, ऑइलमुळे थरथरत असेल तर थांबेल, क्लच झिजला असेल तर नाही थांबणार. मी ७० टक्के म्हणेन ऑइल आहे. गॅरंटी देत नाही." पैसे मागायच्या आधी असं बोलणारा माणूस मला या सगळ्या फिरण्यात पहिल्यांदा भेटला.

जुन्या गाडीत नवीन ऑइलने गिअरबॉक्स जातो ही भीती मी त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, ज्याचे क्लच आधीच संपलेत, जो घसरतोय, त्याच्या ऑइलमध्ये क्लचचा भुसा मिसळलेला असतो आणि त्या भुशाच्या जोरावरच तो कसाबसा पकडत असतो, ते काढलं की उघडा पडतो आणि लोक म्हणतात ऑइलने गेला. तुमची घसरत नाहीये, आरपीएम (इंजिनचे फेरे) वर जाऊन गाडी मागे राहतेय असं कुठे होत नाही. पण मशीन लावून जोरात फ्लश करू नका, इतक्या वर्षांचा गाळ एकदम सुटला तर व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचं प्रेशर गिअरांकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक बारीक वाटांमध्ये अडकतो. हळूहळू बदलू, तीनदा.

तीनदा का, तर या गिअरबॉक्सला खालचा बोल्ट उघडला की फक्त अडीच लिटरच्या आसपास ऑइल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आत अडकलेलं राहतं. एकूण साडेपाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे एकदा बदललं तर निम्म्याहून जास्त जुनंच. पिंपातलं गढूळ पाणी अर्धं उपसून वर स्वच्छ ओतलं तर काय होईल तसं. मग गाडी चालवायची, सगळं मिसळू द्यायचं, पुन्हा काढायचं. तीनदा केलं की ८० टक्क्यांच्या आसपास नवीन होतं, मी घरी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर येतं. तुमची खाली तेलाचा पॅन असलेली गाडी असेल तर पॅन उतरवून फिल्टरपण बदलता येतो, आमच्यात पॅनच नाही आणि आतला फिल्टर गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही.

ऑइल मीच आणलं, त्यांनीच सांगितलं कंपनीच्या पार्ट काउंटरवरून स्वतः घ्या, सील बघून घ्या, बिल तुमच्याकडे राहू द्या. होंडाचं एटीएफ डीडब्ल्यू-१, एक एक लिटरचे आठ डबे. पूर्वी याच गाड्यांना झेड-१ यायचं, ते बंद करून होंडाने डीडब्ल्यू-१ आणलं, जुन्या गाड्यांना तेच चालतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, "ऑटोमॅटिक सिटी" एवढंच सांगून ऑइल घेऊ नका. २०१४पासूनची सिटी सीव्हीटी (वेगळे गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) आहे, तिला एचसीएफ-२ लागतं, आणि त्याआधीची २००८पर्यंतची झेडएक्स ऑटोमॅटिक पण सीव्हीटीच होती, तिचंपण वेगळं. फक्त मधली आमची गिअरवाली. एकाचं ऑइल दुसऱ्यात गेलं तर गिअरबॉक्सची वाट लागते. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्या ऑटोमॅटिकला एसपी-३ लागतं, असं प्रत्येकाचं निराळं. आणि एएमटीवाल्या गाड्या तर या सगळ्यात येतच नाहीत, त्यांचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, वर फक्त क्लच-गिअर हलवणारं यंत्र बसवलेलं. डबा घेण्याआधी मॅन्युअल उघडा किंवा डिपस्टिक बघा.

पहिला राउंड शनिवारी सकाळी. गाडी गरम करून वर उचलली, खालचा बोल्ट उघडला. त्या बोल्टला नेहमीचं षटकोनी डोकं नाही, चौकोनी खाच आहे, रॅचेटचं टोक थेट त्यात बसतं. ज्यांना माहीत नाही ते पकडीने ओरबाडतात, आणि आमच्या बोल्टवर कोणीतरी आधी ओरबाडल्याच्या खुणा होत्याच, ४० हजारवालं काम असणार. तेल मापाच्या भांड्यात काढलं. हे मला सगळ्यात आवडलं, जमिनीवर ट्रे ठेवून वाहू दिलं नाही, आकड्यांच्या भांड्यात, २ लिटर ३५०. म्हणाले जेवढं काढलं तेवढंच घालायचं आणि मग डिपस्टिकने खात्री करायची. कमी झालं तर प्रेशर पडतं, जास्त झालं तर आतली चाकं तेल घुसळतात, फेस होतो, फेसात प्रेशर राहत नाही.

बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर काय जमलंय ते बघायला बाबा खुर्चीवरून उठून आले. करड्या रंगाची मऊ पेस्ट, काजळासारखी. दादांनी ती बोटांत चोळून दाखवली, टोचत नाही ना, मग ही नेहमीची झीज. तुकडे, पापुद्रे निघाले असते तर वाईट बातमी. बाबांनी पण चोळून बघितली आणि मग दोघांचं जे सुरू झालं, कुठलं स्टील, कुठली झीज, मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण गेल्या वर्षभरात बाबांना मी कोणाशी इतका वेळ बोलताना पाहिलेलं नाही. दादा त्यांना काका काका करत प्रत्येक गोष्ट दाखवत होते, हातातलं काम न थांबवता.

बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर नवीन घातला (जुना परत वापरला की तिथून ठिबकतं), बोल्ट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) ४९ न्यूटन मीटरला बसवला. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, अंदाजाने करकचून आवळलं तर आटे जातात आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इतक्या लहान शेडमध्ये टॉर्क रेंच आणि तो कपड्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात, हे मोठ्या वर्कशॉपमध्ये मी बघितलं नव्हतं.

पहिल्या राउंडनंतर लगेच काही फार फरक नाही. रिव्हर्सचा धक्का कमी झाला, थरथर होतीच. मी जरा निराश झाले. दादांनी आधीच सांगितलं होतं की लगेच फोन करू नका, चालवा. त्या आठवड्यात ऑफिसला येऊन जाऊन शिवाय एकदा त्र्यंबकला जाऊन आलो. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात ठिकठिकाणी खोदलेलं, त्यामुळे रांगेत रांगत चालवणं भरपूर झालं.

दुसरा राउंड पुढच्या शनिवारी. यावेळी निघालेलं ऑइल तपकिरीच पण जरा लालसर. चुंबकावर अगदी पातळ थर. यानंतर फरक पडला, थरथर रोजची होती ती दोनतीन दिवसांतून एकदा. मग मुंबईला काम होतं, जाताना समृद्धीने गेलो आणि येताना मुद्दाम जुन्या रस्त्याने, कसारा घाटातून आलो, दादांनी म्हटलं होतं की चढावर सगळे गिअर वरखाली होऊ द्या, तेल सगळीकडे फिरलं पाहिजे. ट्रकच्या मागे घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात ही गाडी सारखी शोधाशोध करायची, मागच्या मे महिन्यात तर बाबा वैतागून म्हणाले होते की पॅडलने चालव. यावेळी इगतपुरीपर्यंत पॅडलला हात लावला नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा निघालेलं ऑइल बरंच लाल होतं आणि आठवा डबा सगळा लागला नाही, उरलेलं पाऊण लिटर त्यांनी डब्याला टेप लावून परत दिलं. आज तिसऱ्या राउंडला दोन महिने झाले, अकराशे किलोमीटर. थरथर एकदाही नाही. रिव्हर्स टाकला की लगेच. थंड सकाळी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अजून किंचित जाणवतं, ते राहील म्हणाले, १४ वर्षांच्या रबराच्या माउंटिंगचंपण त्यात आहे, पावसाळ्याआधी ते बघू.

खर्च: आठ डबे ऑइल, तीन वॉशर आणि तीन वेळची मजुरी धरून सगळं साडेआठ हजारांच्या आत. मजुरी त्यांनी प्रत्येक वेळी ५०० घेतली. तिसऱ्या वेळी मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत, म्हणाले काका आले तेच पुष्कळ.

आता जे आवडलं नाही ते पण लिहायला हवं. बसायला नीट जागा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची, ती बाबांना दिली, मी तीनही वेळा दीड-दोन तास उभी. बायकांना जायला टॉयलेट जवळपास नाही, हे मी त्यांना तोंडावरपण सांगितलं, जागा भाड्याची आहे म्हणाले, पण याचं काहीतरी व्हायला हवं, एकटी बाई गाडी घेऊन आली तर काय करायचं. फोन उचलत नाहीत, काम चालू असलं की वाजत राहतो, मेसेज टाकला तर रात्री उत्तर येतं. पहिल्या दिवशी ९:३०ची वेळ देऊन गाडी ११ला घेतली कारण आधीची गाडी अडकली होती. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर हाताने लिहून दिलं पण त्यात किती काढलं किती घातलं हेपण लिहिलं, त्यामुळे तक्रार नाही. गाडी न्यायला-सोडायला कोणी येत नाही. आणि घाई असेल तर इथे जाऊच नका, तीन राउंड म्हणजे तीन फेऱ्या, दोन आठवडे तर गेलेच.

एक गोष्ट सांगायची राहिली. काढलेलं तेल ते गटारात सोडत नाहीत. मागे झाकणाचा ड्रम आहे, भरला की वापरलेलं ऑइल घेऊन प्रक्रिया करणारे घेऊन जातात. मी विचारलं म्हणून त्यांनी झाकण उघडून दाखवलं. नासर्डीचं पाणी कुठून कसं काळं होतं हे आपण सगळे बघतो आणि ती पुढे गोदावरीलाच मिळते, त्यामुळे मला हे टॉर्क रेंचइतकंच मोठं वाटलं.

ज्यांची गाडी सिग्नलवरून निघताना घसरते, आरपीएम वर जातो आणि गाडी जागची हलत नाही, किंवा ऑइलला जळका वास आहे, त्यांनी हे वाचून फक्त ऑइल बदलायला धावू नका, आधी कोणाला तरी नीट तपासू द्या. माझ्यासारखी हलकी थरथर, उशिरा पडणारा गिअर, आणि बिलांमध्ये एटीएफचं नाव जवळजवळ नाही, असं असेल तर ८० हजारांना हो म्हणण्याआधी एकदा अशा माणसाकडे जा जो आधी चालवून बघतो.

गॅरेज सकाळी ९ ते ७, सोमवारी बंद. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी गेलात तर लवकर होईल. पुढचं ऑइल त्यांनी ४० हजार किलोमीटर किंवा तीन वर्षं, जे आधी होईल ते, असं सांगितलंय, आता एकच राउंड पुरेल. बॉनेटच्या आत स्टिकरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून दिलेत, आणि बाबांनी त्यांच्या जुन्या डायरीत वेगळे लिहून ठेवलेत.